डाव्या पायाला काम उरलं नाही

मॅडम, मी गाडी बदलली. नवी गाडी विजेवर चालते. तिला पेट्रोल लागत नाही, क्लच नाही, गिअर नाही, आणि चालू केली तरी चालू झाली आहे हे कळत नाही. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी बॉनेट उघडायला लावलं असतं, आत वाकून पाहिलं असतं आणि तुमच्या त्या नागपुरी सुरात विचारलं असतं, “काहून गं, एवढंच? बाकीचं सामान विसरले का हे लोक?” तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली, माझे केस तुमच्यासारखे पांढरे झाले. पण तुम्हाला लिहायला बसावं असं कधी झालं नाही. आज एका गाडीवरून बसले आहे. जयपूरबाहेर टोंक रोडवर एका ढाब्याच्या मागे गाडी चार्जिंगला लावली आहे, चाकसूच्या दवाखान्यात जायचं आहे, आणि अर्धा तास हाताला काम नाही. पर्समध्ये प्रिस्क्रिप्शनचं पॅड होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. खरं तर घरून निघताना गाडी सत्तर टक्के भरलेली होती, थांबायची काही गरज नव्हती. तरी का थांबले, ते सांगते.

मी सांगलीहून जयपूरला आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. हातात नवी डिग्री, तुमच्या हाताखाली नोकरी, आणि हिंदी अशी की पेशंट हसायच्या. पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात तुम्ही मागून विचारलंत, “सांगलीची का तू?” जयपूरला आल्यापासून पहिल्यांदाच कोणी मराठीत बोललं म्हणून मला तिथेच रडू फुटलं. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, “रडून काय राहिली? जेवली का?” त्या आठवड्यात मालवीय नगरातल्या तुमच्या घरी मागची खोली मला मिळाली आणि लग्न होईपर्यंत, म्हणजे पुरी तीन वर्षं, मी तिथेच राहिले. तुम्ही एकट्या, मी एकटी. पण त्या घरात एकटेपणाला बसायला जागा नव्हती. कोणी ना कोणी बाई दारात असायचीच, पोट दाखवायला नाहीतर बाळ दाखवायला.

गाडी चालवायला मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले, हे मी कोणाला सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. रविवार आहे. तुम्ही गोळाभात करता आहात, बेसनाचे गोळे वळून भातावर ठेवता आहात. मी स्टुलावर बसले आहे आणि माझ्या पायांपुढे फरशीवर तुम्ही डब्यांची तीन झाकणं मांडली आहेत. डावीकडचं क्लच, मधलं ब्रेक, उजवीकडचं ॲक्सिलरेटर. हातात गिअर म्हणून लाटणं. तुम्ही भाताकडे तोंड करून हुकूम सोडता, “दुसरा टाक. डावा पाय उशिरा उठला. पुन्हा.” फोडणी तडतडते आहे आणि मी झाकणं दाबते आहे. पंधरा दिवस हे चाललं, मग तुम्ही मला खऱ्या गाडीत बसवलंत. पांढरी, जुनी, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली ती गाडी. तुम्ही शेजारी नाही बसलात. मागच्या सीटवर बसलात, डोळे मिटून. मी आग्रा रोडने बस्सीकडे निघाले आणि गाडीला हिसका बसला की मागून फक्त “अं” असं ऐकू यायचं. घरी आल्यावर तुम्ही आकडा सांगितलात. “आज एकतीस.” महिन्याभराने तो आकडा चारवर आला. मी एकदा वैतागून विचारलं, “एवढं काय त्या हिसक्यांचं?” तेव्हा तुम्ही म्हणालात, “मागच्या सीटवर पोटुशी बाई झोपली आहे असं समजूनच गाडी चालवायची. नेहमी. नसली तरी. समोर सिग्नल लाल दिसून राहिला ना? मग रेस कशाला देते? आधी पळायचं आणि मग करकचून थांबायचं, यात कोणाचं भलं आहे?”

आणि तो एक दिवस. तो मी विसरले असेन असं तुम्हाला वाटलं असेल, कारण त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. माझी आई सांगलीहून आली होती, तिला स्टेशनवरून आणायला मी तुमची गाडी नेली. परत आणून लावली तेव्हा काटा अगदी तळाला टेकला होता, पण आई आल्याच्या आनंदात मला सांगायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी बस्सीच्या तपासणी कॅम्पला जाताना रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पडली. तुम्ही काट्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, डिकीतून कॅन काढलात आणि पंपाच्या दिशेने चालू लागलात. मी मागे धावले, कॅन मागितला. तुम्ही दिला नाहीत. त्या उन्हात, सुती साडीत, दोन किलोमीटर जाऊन दोन किलोमीटर परत. पेट्रोल ओतून झाल्यावर, हात पुसत, एवढंच म्हणालात, “डॉक्टरचं पोट रिकामं चालते. गाडी रिकामी नाही चालत.” कॅम्पमध्ये दिवसभर तुम्ही माझ्याशी नेहमीसारख्याच बोललात.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला साडी दिली नाहीत. कापडी बूट दिलेत, पातळ तळव्याचे. म्हणालात, चपला घालून गाडी चालवायची नाही, पायाला खालचं कळलं पाहिजे. सासरच्यांना ते बूट फार चमत्कारिक वाटले. मी ते फाटेपर्यंत वापरले, आणि फाटल्यावर तसलेच घेत गेले. आजही पायात तसलेच आहेत.

तर गाडी. जुनी पेट्रोलची गाडी बारा वर्षांनी थकली तेव्हा मुलगी मागे लागली. ती इथेच एका आयटी कंपनीत आहे. जयपूरमध्ये वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी कसं असेल ते तुम्ही ओळखाल. “आई, मतलब तू रोज किती चालवतेस? पंधरा-वीस किलोमीटर? आणि आठवड्यातून दोनदा चाकसू नाहीतर बस्सी. इतनं तर ही गाडी आरामात करते.” यांचं म्हणणं वेगळं. हे विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतात, त्यांना प्रत्येक गोष्टीत धोका आधी दिसतो. “वीज गेली तर? उन्हाळ्यात बॅटरी तापली तर? तू डॉक्टर आहेस, फोन आला तर गाडी भरेपर्यंत थांब म्हणून सांगणार का?” दोघांचंही खरं होतं. शेवटी मी घेतली, कारण एकदा चालवून पाहिल्यावर मला उतरावंसं वाटेना. इतकी शांत. इतकी सपाट. तुम्ही मागे बसला असता तर आकडा सांगायला शून्यच उरला असता, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती आपणहून थांबायला लागते आणि तेवढ्यात थोडी वीज परत बॅटरीत भरून घेते. सुरुवातीला मी पाय झटकन काढायची आणि मागे बसलेली मुलगी ओरडायची, “आई, मला उलटी होईल.” मग मी सावकाश पाय सोडायला शिकले, म्हणजे तुम्ही शिकवलेलंच परत शिकले. डाव्या पायाला मात्र काम उरलं नाही. पहिले काही दिवस तो सिग्नलला आपला हवेत क्लच दाबायचा. मालवीय नगरातल्या गाईंना गाडी ऐकू येत नाही म्हणून त्या हलत नाहीत; काच खाली करून बोलावं लागतं. पार्किंगमध्ये गीझरला लागतो तसा मोठा सॉकेट हवा होता, त्याला सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन महिने घेतले. पण रोजच्या कामाला, मॅडम, गाडी खरंच चांगली आहे. संध्याकाळी मोबाइल लावतो तशी लावायची आणि सकाळी भरलेली घ्यायची. हॉस्पिटल, घर, भाजी, बँक यात चार-चार दिवस लावायचीही गरज पडत नाही. पंपावर मी वर्षभरात फक्त हवा भरायला गेले.

हे ‘रोजचं काम’ म्हणजे काय, ते मात्र आपल्या धंद्यात ठरवता येत नाही. वैशाखातला बुधवार होता. आदल्या दिवशी मी बस्सीला जाऊन आले होते. संध्याकाळी गाडीला प्लग लावला आणि वर गेले. सकाळी खाली येऊन पाहते तर अडतीस टक्के. घरी मी सांगितलं की वीज गेली असणार. तुम्हाला खरं सांगते, वीज गेली नव्हती. प्लग लावला होता, भिंतीवरचं बटण दाबलं नव्हतं. चाकसूच्या दवाखान्यात सॉकेट आहे, तिथे संध्याकाळपर्यंत भरेल, असा हिशोब करून निघाले. पोचले तर लाईनचं काम म्हणून सगळ्या गावाची वीज सकाळपासून बंद. दवाखाना इन्व्हर्टरवर, आणि माझ्या गाडीत वीस टक्के.

दुपारी एकच्या सुमाराला एक बाई बाळंत झाली. दुसरी खेप. बाळ धडधाकट, आल्याआल्या रडलं. वार पडली आणि रक्त थांबेना. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, पोटावरून गर्भाशय चोळत राहिले. धार कमी झाली, पण थांबली नाही. नाडी पळायला लागली, ओठ पांढरे पडले. तिला रक्त हवं होतं आणि ऑपरेशन थिएटर हवं होतं, आणि दोन्ही जयपूरला. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्या गावाहून पेशंट घेऊन निघालेली, यायला तास तरी लागेल म्हणाले. ज्याच्याकडे जीप आहे तो शेजारी लग्नाला गेलेला. तिचा नवरा दाराशी मोटरसायकलची किल्ली घेऊन उभा. मी बाहेर जाऊन गाडी चालू केली. पडद्यावर आकडा आला, अजून एक्केचाळीस किलोमीटर जाईल. आमचं हॉस्पिटल तिथून अडतीस.

मी आत येऊन सिस्टरला म्हटलं, “मेरी गाडी में ले चलते हैं।” ती चाकसूचीच, माझ्याबरोबर आठ वर्षं काम केलेली. तिने बाहेर जाऊन पडदा पाहिला आणि परत आली. “मैडम, पहुँच जाएँगे?”

“पहुँच जाएँगे,” मी म्हटलं. खात्री नव्हती. नवऱ्याच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला मोटरसायकलवर पुढे आमच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत पाठवलं. बाळ दवाखान्यातल्या मावशींकडे दिलं. बाईला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं सासूच्या मांडीवर, पायांखाली दवाखान्यातल्या उशा. सिस्टर दोन सीटच्या मधल्या जागेत गुडघ्यांवर बसली, एक हात पोटावर, एक नाडीवर. सलाईनची बाटली खिडकीवरच्या कडीला बांधली. आणि मी निघाले.

पहिल्या दहा किलोमीटरला पडद्यावरचे बारा कमी झाले. मोकळ्या रस्त्यावर ही गाडी जास्त खाते, आणि एसी चालू होता. एसी बंद करावा तर आत भट्टी, चालू ठेवावा तर आकडा खाली. मी तो अगदी कमी केला आणि वेग पंचावन्नच्या वर जाऊ दिला नाही. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून ओलांडून जात होते. रक्तस्राव होत असलेली बाई मागे आणि मी रस्त्यावर सगळ्यांत हळू, हे किती अवघड होतं ते तुम्हालाच कळेल. पाय खाली दाबावासा वाटत होता. दाबला असता तर जयपूरच्या वेशीवर, सांगानेरच्या अलीकडेच उभे राहिलो असतो. मध्येच सासूने विचारलं, “मैडमजी, गाडी चालू तो छै? आवाज कोनी आवै।” मी म्हटलं, आवाज येत नसला तरी चालू आहे, बाहेर बघा, झाडं मागे जाताहेत. ती बाहेर बघायला लागली आणि मोठ्याने देवीचं नाव घ्यायला लागली.

सांगानेरला गर्दी लागली आणि मला वाटलं, संपलं. पेट्रोलच्या गाडीत अशी गर्दी म्हणजे नुसतं जळणं. पण इथे उलटं झालं. पुढचा ट्रक थांबणार हे लांबून दिसलं की मी पाय सोडायची, गाडी आपोआप मंद व्हायची, आणि आकडा जागेवर उभा राहायचा. सोडलं, धरलं, सोडलं, धरलं. एकदाही ब्रेक जोरात लागला नाही. सिस्टरचा हात त्या पोटावरून एकदाही सुटला नाही. नऊ किलोमीटर उरले तेव्हा गाडी तेरा दाखवत होती. हॉस्पिटलच्या दारात वळले तेव्हा बॅटरीत तीन टक्के होते, आणि स्ट्रेचर घेऊन लोक बाहेर उभे होते, कारण नवरा आमच्या आधी पोचला होता.

तिला चार बाटल्या रक्त दिलं. थिएटरमध्ये टाके घालून रक्त थांबवलं, गर्भाशय काढावं लागलं नाही. सहाव्या दिवशी ती चालत घरी गेली. सव्वा महिन्याने तपासायला आली ती बाळाला घेऊन, बाळाच्या डोळ्यांत एवढं काजळ. मी विचारलं, त्या दिवसातलं काही आठवतं का? ती हसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, “मैडमजी, कोई आवाज ही नहीं था। मुझे लगा मैं मर गई हूँ और कोई मुझे आराम से ले जा रहा है।” सिस्टर इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मीही हसले.

घरी मात्र दोन दिवस वादळ होतं. हे म्हणाले, “मी सांगत होतो. वीज गेली आणि एक बाई जिवाला मुकली असती. विकून टाक ती गाडी.” मुलगी म्हणाली, “बाबा, पेट्रोलची असती आणि रिझर्व्हवर असती, मतलब तेव्हा काय झालं असतं?” ती बिचारी माझ्या बाजूने भांडत होती आणि तिला खरं माहीतच नव्हतं. गाडीवर फुकट आळ येतोय हे मला बघवेना. तिसऱ्या दिवशी जेवताना कबूल केलं की बटण मीच दाबलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये सॉकेटच्या वर यांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला दिसला, “बटण!” आता गाडी विकायचं कोणी काढत नाही. गावाबाहेर जायचं असेल तर ती अर्ध्याच्या वर असल्याशिवाय मी निघत नाही, आणि वाटेत चार्जिंगची जागा रिकामी दिसली तर सत्तर असली तरी थांबते. लोक मला विचारतात, रोज वापरायला जमते का हो ही गाडी? मी सांगते, जमते. गाडीला जमते. आपल्याला जमतंय का ते बघायचं. आणि हे सांगताना मी तुमच्याच आवाजात बोलते आहे हे माझं मलाच ऐकू येतं.

मला तुमचे आभार कधी मानता आले नाहीत. तुम्ही निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे गेलात तेव्हा मी तुम्हाला स्टेशनवर सोडलं, आणि सगळा वेळ आपण सामानाबद्दल बोललो. पुढे तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या ओपीडीत चाळीस बायका बसल्या होत्या. त्या संपवून मग मी उठले. तुम्हीही तेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. मला डॉक्टर कॉलेजने केलं, पण सांगलीच्या त्या रडक्या मुलीला कोणाच्याही दारापर्यंत स्वतः पोचता येईल अशी बाई तुम्ही केलंत. हे एक वाक्य त्या दिवशी फलाटावर म्हणायला हवं होतं.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही. तुमच्या मालवीय नगरातल्या घराच्या जागी आता कोचिंगच्या मुलींचं चार मजली हॉस्टेल आहे, आणि नागपूरच्या पत्त्यावर तुम्हाला ओळखणारं कोणी राहिलेलं नाही. पॅडची ही पानं फाडून गाडीच्या खणात ठेवीन, आणि कधीतरी गाडी धुवायला देताना ती कुठेतरी जातील. म्हणून इथे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. त्या दिवशी पूर्ण रस्ता मॅडमचे शब्द माझ्या कानात होते, असं मी सगळ्यांना सांगते. सिस्टरला सांगितलं, मुलीला सांगितलं, नव्या डॉक्टर मुलींपुढे तर अगदी रंगवून सांगितलं. ते खरं नाही. त्या अडतीस किलोमीटरमध्ये मला तुमची एकदाही आठवण आली नाही. मला तो आकडा दिसत होता आणि आरशात सिस्टरचा हात, बस्स. पाय जे करत होता ते आपलं आपण करत होता. तुम्ही आठवलात ते नंतर, बाईला आत नेल्यावर, बेसिनपाशी हात धुताना. आणि तेव्हाही मनात पहिलं आलं ते एवढंच, की गाडी रिकामी नेली, आता मॅडम रागावणार. नळ तसाच चालू, आणि सत्तावन्न वर्षांची मी, दाराकडे बघत उभी.